तिसऱ्या मजल्यावरच्या फेऱ्या

"डबा नीट धर," भाची कुजबुजली, "आणि तोंड पाड जरा. ज्यांचं माणूस आत पडलंय ते असं मजेत चालतात का?"

आत्याने तोंड पाडलं आणि हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये पुढची फेरी सुरू केली. आत तिचं कुणी नव्हतं. डब्यातही काही नव्हतं. पण कॉरिडॉर सरळ होता, सपाट होता, दिव्यांनी लख्ख होता आणि मागून कुणी हॉर्न मारत नव्हतं. दमलं की टेकायला बाकडी होती. एवढं सुख तिच्या गल्लीने तिला उभ्या जन्मात दिलं नव्हतं.

आत्या शिवणकाम करायची. मशीनला मोटर बसवल्यापासून पायांना तेवढंही काम उरलं नव्हतं. रक्तातली साखर चढत गेली आणि उजव्या पायाचा अंगठा बधिर झाला. परवा त्यात टाचणी घुसली ती तिला कळलीसुद्धा नाही. फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "रोज चाला. आज अंगठा आहे, उद्या पाऊल असेल."

"तुमचे कसे आहेत आता?" बाकड्यावरच्या बाईंनी मायेने विचारलं.

"आहेत तसेच," आत्या म्हणाली. बाकड्याच्या टोकाला अभ्यासाला बसलेल्या भाचीने पुस्तकामागे हसू लपवलं.

कॉरिडॉरच्या टोकाला सिक्युरिटीवाला उभा होता.

"मावशी, पेशंट कोण तुमचा?"

"ते... शेवटच्या खोलीत आहेत."

"शेवटच्या खोलीत चादरी असतात."

त्याने डब्याकडे हात केला. "उघडा बघू."

तिने झाकण काढलं. घासूनपुसून चकचकीत केलेला डबा, आत रिकामा.

"काका, ती चोर नाहीये," भाची धावत आली.

"मला कळतंय ग पोरी. पण वर कॅमेरा आहे ना. साहेबांनी मला समोर बसवून दाखवलं. रोज एक बाई येते, कुठल्याच खोलीत जात नाही, औषधांच्या कपाटावरून फेऱ्या मारते. म्हणाले, पुन्हा दिसली तर तू घरी."

"मी नुसती चालते हो," आत्या म्हणाली.

"चालायला बाहेर रस्ता आहे की."

"आहे ना. अर्ध्यात गाड्या उभ्या असतात, अर्ध्यात पळतात. फुटपाथवर दुकानदाराने फ्रीज मांडलेत. आमच्या समोरच्या वहिनी बिचाऱ्या कडेकडेने चालत होत्या, तर गटाराच्या फुटक्या झाकणात पाय गेला. अजून प्लास्टरमध्ये आहेत."

"मग बागेत जा."

"बाग मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. तो ओलांडायची माझी छाती नाही. म्हणजे रिक्षाने जायचं, चालायचं, रिक्षाने परत यायचं. चालण्यासाठी रोज रिक्षा करू?"

सिक्युरिटीवाल्याला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. "खरंय तुमचं. पण माझ्या हातात काय आहे, सांगा. पेशंट असल्याशिवाय मला सोडता येत नाही."

"पेशंट होऊ नये म्हणून तर येते."

त्याने डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं, नीट दाबून बसवलं आणि डबा तिला परत दिला. भाची आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग वरच्या कॅमेऱ्याकडे.

तेवढ्यात एका खोलीचं दार उघडलं. वॉकरला धरून एक वयस्क गृहस्थ बाहेर आले. सोबत पांढऱ्या कोटातली व्यायामवाली ताई. गृहस्थांच्या डाव्या पायात चप्पल होती. उजव्या पायाला जाड पट्टी होती, आणि जिथे बोटं असायला हवीत त्याच्या बऱ्याच अलीकडे ती संपत होती.

"नको ग, पुरे झालं," गृहस्थ कुरकुरले.

"असं कसं पुरे? दोन फेऱ्या तरी मारायच्याच. आणि बघा ना, किती छान मोकळी जागा आहे."

आत्याची नजर त्या पट्टीवर खिळली होती. हातातला डबा तिने पोटाशी आवळून धरला.

सिक्युरिटीवाल्याने अदबीने तिच्या दंडाला स्पर्श केला.

"मावशी, जरा बाजूला व्हा. पेशंटला चालू द्या."