पेंगणारे पहारेकरी

मुलांनो, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटा. समजा, तिच्यात एक गोळी आहे. खायची नव्हे, औषधाची. घामाने तिचा पिवळा रंग तळहाताला लागतोय. समोर सिस्टर इंजेक्शन भरताहेत, आणि मूठ उघडून चालणार नाही. मिटलीत? मग आता तुम्ही बारकीच्या खुर्चीत बसला आहात.

बारकी अकरा वर्षांची. दिसायची आठची, म्हणून बारकी. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्यांनी हात टेकले, तेव्हा आत्याने आपली एक दिली. आत्या पुस्तकबांधणीचं काम करायची. नखांत कायम वाळलेला डिंक. "माझी लेक तुझ्याकडे नांदायला दिलीये," ती बारकीला म्हणायची, "छळू नकोस हं तिला." त्या लेकीसाठी बारकीला रोज सकाळी ही पिवळी गोळी घ्यावी लागे. बारकीच्या लेखी तो किडनीचा खाऊ होता.

आजची, शुक्रवारची सुई मात्र लसीची. मोठेपणी गर्भाशयाच्या तोंडाशी होऊ शकणाऱ्या कॅन्सरला आधीच अडवणारी. आतेबहिणीला ती दोनदाच टोचली होती. बारकीला तीनदा.

"दोनदा नापास झालीस वाटतं!" आतेबहीण खिदळली होती. "आता फेरपरीक्षा!"

बारकीला हसू आलं नाही. कारण मागच्या तपासणीला डॉक्टर आत्याशी बोलत होते आणि खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. "लसीला रक्ताचा प्रतिसाद थोडा कमी दिसतोय," ते म्हणाले. "लस म्हणजे शरीरातल्या पहारेकऱ्यांची शाळा. आणि या गोळीने हिचे पहारेकरी पेंगतात." तेवढ्यात कोणीतरी दार लोटलं. पुढचं आतच राहिलं.

पेंगतात! एवढंच ना? बारकीने उपाय शोधला. शाळेला जाणाऱ्याची झोप उडवायची. राहिला किडनीच्या खाऊचा प्रश्न. पण किडनी आत्याचीच; आत्याही कामाच्या धांदलीत नाश्ता विसरते आणि दिवसभर ठणठणीत असते. झालं तर मग. सकाळी बारकी गटागटा पाणी प्यायली आणि गोळी तिने मुठीतच ठेवली.

"सकाळच्या गोळ्या झाल्या?" सिस्टरनी विचारलं.

"झाल्या की. माझ्यासमोर पाणी प्यायली," आत्या म्हणाली.

"हात सैल सोड गं राणी. लाकूड झालंय नुसतं." सिस्टरनी दंडावर गार बोळा फिरवला.

बारकीने डोळे मिटले. "आज शिकतील ते," ती पुटपुटली. "आज जागे आहेत."

सिस्टरचा हात तिथेच थांबला. "कोण जागे आहेत?"

"पहारेकरी."

सिस्टरनी सुई ट्रेमध्ये ठेवली. स्टूल ओढून त्या बारकीच्या समोर बसल्या. ओरडल्या नाहीत. नुसता आपला तळहात पुढे केला. बारकीने मूठ उघडली.

"अगं, तू तर माझ्यादेखत..." आत्या पुढे झाली.

"तुझी युक्ती मला कळली," सिस्टर म्हणाल्या. "डोकं चालवलंस. पण मला सांग, तुझे पहारेकरी खडबडून जागे झाले आणि घरात एक अनोळखी बाई दिसली, तर ते काय करतील?"

"पकडतील. हाकलून देतील."

"मग आत्याची किडनी त्यांच्या ओळखीची आहे का गं?"

बारकीने आत्याकडे पाहिलं. आत्याचा हात नकळत स्वतःच्या कुशीवर गेला होता, जिथे तिचा जुना व्रण होता तिथे.

"ही गोळी किडनीचा खाऊ नाही," सिस्टर म्हणाल्या. "पहारेकऱ्यांनी तिच्यावर काठी उगारू नये, म्हणून ती त्यांना पेंगवते."

"पण मग ते शिकणार कसे?"

"पेंगणारं पोरही शिकतं. त्याला एकदा जास्त सांगावं लागतं, बस. म्हणून तुला तिसरी सुई. ही फेरपरीक्षा नाही बाई, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. डॉक्टर तेच सांगत असणार, तू अर्धंच ऐकलंस."

सिस्टरनी घड्याळ पाहिलं. "नऊच वाजलेत. एक गोळी तासाभराने उशिरा, एवढंच झालं. ही फेकू आपण, दुसरी देते. घे बघू आत्ता. आणि पुन्हा असं काही केलंस तर मला सांगायचं. मला कळलं, तर मला काही करता येतं. कळलंच नाही, तर मी काय करणार?"

बारकीने गोळी गिळली. जीभ बाहेर काढून रिकामं तोंडही दाखवलं.

"घोर लावतेस जिवाला, कार्टे!" आत्या म्हणाली, आणि रडता रडता हसली. सिस्टरही हसल्या. खोलीतला ताण उतरला. सिस्टरनी नवा बोळा घेतला, ट्रेमधली सुई उचलली. थोडक्यात निभावलं होतं. बारकी गप्प बसली असती, तर कोणाला काही कळलंही नसतं.

बारकीने दंडावरची बाही खाली ओढली.

"थांबा," ती म्हणाली. "ही फक्त आजची होती. एका दिवसात झोप कुठे उडते कोणाची?"

खुर्चीवरून उतरून तिने दप्तरातली कंपासपेटी काढली आणि आतल्या गोळ्यांच्या कागदी पुड्या, एकेकीवर वळणदार अक्षरात वार लिहिलेला, सिस्टरच्या टेबलावर ओळीने मांडल्या. सोमवार. मंगळवार. बुधवार. गुरुवार.