उणे अठरा

निखिल इंजिनीअरिंग सोडून दुबईतल्या आइस हॉकीच्या पहिल्यावहिल्या पगारी लीगमध्ये उतरला, तेव्हापासून बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. टीममधला सर्वांत नवा म्हणून खेळायच्या रबरी चकत्या गोठवून आणायचं काम त्याच्याकडे होतं. गार नसल्या तर त्या बर्फावर चेंडूसारख्या उसळतात. आई फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी त्यांना जागा द्यायची. फायनलच्या सकाळी तिथे नुसताच नारळ. "बाबांनी नेल्या," आई चाचरत म्हणाली. कचऱ्यात टाकल्या असणार! धुमसतच तो रिंकवर पोहोचला, तर दारात आइसबॉक्स घेऊन बाबाच उभे. "घरच्या फ्रीजरची सारखी उघडझाप होते. जबल अली बंदरावर आमच्या कंपनीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवल्या होत्या. उणे अठरा. मागच्या मॅचला तिसऱ्याच मिनिटाला उसळत होत्या." "बाबा, यू केम?" "सगळ्या मॅचेसना." बाबांनी बॉक्स हातात दिला. "यल्ला, पळ. झाकण सारखं उघडू नकोस."