हेल्मेटचं तिकीट

अंतराळात हरवलेल्या कॅप्टनच्या सिनेमाचे पहिले आठही भाग बाबांनी पहिल्याच दिवशी पाहिले होते. स्कूटरच्या हेल्मेटला चंदेरी रंग देऊन, ते डोक्यावर घालून, मागच्यांची बोलणी खात. शेवटचा भाग यायच्या आधीच ते गेले. दवाखान्यातही एकच विचारायचे, “कॅप्टन घरी पोचेल ना रे?” तो भाग लागला तेव्हा आम्ही मायलेकांनी मधल्या खुर्चीचंही तिकीट काढून तिथे हेल्मेट ठेवलं. अखेरीस कॅप्टन आपल्याच अंथरुणात डोळे चोळत उठला. सगळा प्रवास म्हणे स्वप्न होतं. गडी घरातून निघालाच नव्हता. थिएटरभर शिव्या सुरू झाल्या. मला मात्र हसू आवरेना. बाबांचं काहीतरी मोठं राहून गेलं म्हणून मी वर्षभर उगाच हळहळत होतो. आईने हळूच हेल्मेटचं तोंड पडद्यापासून मागे वळवलं. “बरं झालं,” ती हेल्मेटला थोपटत म्हणाली, “हे बघायला ते नाहीत.”