लांबचं की जवळचं

नीलोफर सिस्टरने कोकिळाबाईंच्या उजव्या भुवईवर पेनाने खूण केली. डोळा कोणता, याची चर्चा आत गेल्यावर नको.

धुळ्याच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूचा पेशंट सकाळी आत घेत आणि दुपारी घरी सोडत. कोकिळाबाईंच्या अंगात हिरवा झगा आला होता, केस टोपीत गेले होते. बांगड्या, कानातलं, चमकी सगळं रुमालात बांधून त्यांचे यजमान झुलाल आबा यांच्या खिशात जमा झालं होतं. मंगळसूत्र काढायला आबांनी परवानगी दिली, पण जरा विचार करून.

परवानगी देणं हे आबांचं कामच. प्रश्न बायकोला विचारला तरी उत्तर त्यांच्याकडून येई. रात्री झोप लागली का? लागली. शुगर आहे का? नाही. थेंब टाकल्यावर चुरचुरतं का? अजिबात नाही. हे ऐकल्यावर सिस्टरने ती बाटली आबांच्या डोळ्याजवळ नेऊन बघितली, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

डॉक्टरीणबाई आल्या. भिंग जवळचं टाकायचं ठरलंय ना, एवढं त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं. जवळचं टाकलं की सुईत दोरा ओवता येतो, डाळ निवडता येते, लांबचं बघायला चष्मा लागतो. लांबचं टाकलं की उलटं. तपासणीच्या दिवशी हे आबांनीच ठरवून दिलं होतं. कोकिळाबाई तेव्हा मशीनवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या आणि डॉक्टरांनी हलू नका म्हणून सांगितलं होतं.

"लांबचं टाका," कोकिळाबाई म्हणाल्या.

सिस्टरच्या हातातला थेंब गालावर पडला. कोण बोललं ते बघायला आबांनी आधी दाराकडे पाहिलं.

"तुले लांबनं देखीसन काय करनं शे व?"

लांबचं बघून हिला करायचंय काय, हा आबांचा प्रश्न रास्त होता. सोनगीरच्या त्यांच्या घरात लांब असं काही नव्हतंच. गॅस, मोरी, देवघर, सगळं हाताशी. राहिली गच्ची. गच्चीवरून किल्ला दिसतो, पण गावातलं कोणी किल्ल्याकडे बघत नाही. तो कुठे जात नाही. आणि मागच्या गल्लीतली एक गच्ची दिसते. तिथे हेमांगी कपडे वाळत घालते.

हेमांगी ही यांची मुलगी. तिने लग्न स्वतःच्या पसंतीने केलं, आणि तेही मागच्याच गल्लीत, त्यामुळे आबांना तिला धड विसरताही येईना. तिच्याशी घरातलं कोणी बोलणार नाही, असं त्यांनी ठरवलं. बघायचं नाही, हे ठरवायचं मात्र राहून गेलं. तेवढ्या आधारावर कोकिळाबाई रोज गच्चीवर जात. जाताना काहीतरी वाळवण नेत. एवढे पापड गावात कोणाकडे नसतील. आधी त्यांना हेमांगी दिसायची. मग नुसती साडी दिसायची. मग साडीचा रंग. यंदा रंगही गेला, पांढरट काहीतरी हलतं तेवढं उरलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. घरात वावरणाऱ्या बायका जवळचंच मागतात, आणि एकदा बसवलेलं भिंग बदलणं सोपं नसतं, नीट विचार करा. आबांनी मान डोलावली. त्यांचा विचार केव्हाच करून झाला होता.

कोकिळाबाई वर छताकडे बघत बोलल्या. "बाई, माझ्या लेकीचा पोरगा आता चालायला लागलाय. गच्चीभर फिरतो म्हणे. गल्लीतल्या बायका सांगतात, नाक यांचं घेतलंय." टोपीतलं डोकं त्यांनी किंचित नवऱ्याकडे वळवलं. "लोकांच्या तोंडून किती दिवस बघू ते नाक?"

आबांचा हात नाकाकडे निघाला होता. तो त्यांनी मिशीवर थांबवला.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला दुसरं भिंग काढायला सांगितलं. चाकाची खुर्ची आली. कोकिळाबाई कोणाचा हात न धरता तीत बसल्या आणि आत गेल्या. आबा मागोमाग निघाले, ते चपला काढायच्या रेषेपर्यंत. तिथे सिस्टरने त्यांना अडवलं.

"डॉक्टर," ते रेषेवरूनच म्हणाले, "त्या भिंगातनं दिसतं किती लांबचं?"

डॉक्टरीणबाई मास्क बांधता बांधता थांबल्या. लेकीचं घर किती लांब आहे, असं त्यांनी विचारलं.

आबा बराच वेळ अंदाज घेत राहिले. सोनगीरची गल्ली न् गल्ली त्यांना पाठ होती, तरी वेळ लागला.

"फार नाही," ते म्हणाले. "हाक मारली तर ऐकू जाईल, एवढंच."