पिकअपचं नवं रबर

बायकोशी बिनसलं की शेंद्र्याचा पुंजाराम अंगणातल्या जुन्या पिकअपमध्ये जाऊन बसायचा. गाडीचं इंजिन कधीच भंगारात गेलं होतं, पण दारं-काचा शाबूत होत्या. फक्त काचांचं रबर वाळून तडकलेलं, त्यामुळं आवडाबाईचा शब्द न् शब्द फटीतून आत यायचा. शेवटी त्यानं चिकलठाण्याहून मिस्तरी आणला.

"दादा, आधी इंजिनाचं बघा की," मिस्तरी म्हणाला.

"मला कुठं जायचंय? रबर बसवा. लई घट्ट."

दुसऱ्याच दिवशी भाजीतल्या मिठावरून पेटलं. पुंजाराम गाडीत शिरला आणि काचा वर करून ऐटीत बसला. आवडाबाई कमरेवर हात ठेवून काचेपाशी उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, आत मात्र चकार शब्द येत नव्हता. पाच मिनिटं पुंजारामला स्वर्ग वाटला. मग मनात आलं, ही आपल्या आईचा तर उद्धार करत नसंल? घटकाभर त्यानं दम धरला. शेवटी राहवेना, तेव्हा काच खाली केली.

"काय म्हणत व्हतीस?"

"कायबी नाय," आवडाबाई म्हणाली. "नुसतं तोंड हलवत व्हते. आता ऐका."