नवसाची अंडी

कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डॉक्टरांनी अंडी बंद केली, तेव्हा बुनसोंगने तीन महिने हूं की चूं केलं नाही. रिपोर्ट चांगला आला तशी त्याच्या बायकोला, प्राफायला, भरून आलं.

"चल, सोथोनच्या बुद्धाच्या देवळात जाऊ. नवस फेडायचाय," तो म्हणाला.

"काय बोलला होतात?"

"शंभर उकडलेली अंडी. बुद्धापुढे ठेवायची, मग प्रसाद म्हणून घरी आणून खायची."

"अहो, काही लाज? याच रिपोर्टसाठी अंडी?"

"तिथे सगळे नवसाला अंडीच बोलतात. प्रसादाला नाही कसं म्हणायचं?"

प्राफाय तणतणत बाहेर गेली आणि शेजारून लग्नकार्याचं पातेलं घेऊन आली.

"अगं, शंभर अंड्यांना एवढं मोठं कशाला?"

"तुमच्या रिपोर्टसाठी मीही दोनशे बोललेय."