खडखड

भाषावार प्रांतरचनेच्या मोर्चात गेला म्हणून धरलेल्या कौतिकची बोटं पोलिसांनी चौकीत कशी मोडली, ते आज त्याची बायको, धुरपदाबाई, मंडळाच्या खोलीतून कर्ण्यावरून गल्लीला सांगणार होती. एरवी त्यावरून रोज संध्याकाळी मंडळाचा गजानन पेपर वाचून दाखवायचा.

"तुम्हीच सांगा, वहिनी. माझ्या तोंडी ती नुसती खबर होईल," म्हणत त्याने माईक तिच्या हाती दिला.

तिला एकच धीर होता. बुऱ्हाणपूरच्या त्या गल्लीत घरोघर यंत्रमाग खडखडत होते. एवढ्या गलक्यात आपलं कोण ऐकतंय?

"मी कौतिकची बायको," तिने सुरुवात केली. "त्यांना चौकीत नेलं, अन्..."

कोपऱ्यावरचा माग थांबला. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता सगळी गल्ली गप्प झाली.

कौतिकला न्यायला पोलीस गल्लीत शिरले, त्या दिवशीही माग असेच एकामागून एक बंद पडले होते. तिने घाईघाईने माईक पदराखाली झाकला.

"आले का वो, भाऊ?"

गजाननने दार किलकिलं करून बाहेर पाहिलं.

"पोलीस नाहीत, वहिनी. तुमचं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून माग बंद केलेत लोकांनी."